चाकण

चाकण हे महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात, पुणे-नाशिक महामार्गावर वसलेले शहर आहे. भुईकोट किल्ला, कांद्याची बाजारपेठ आणि वाहन उद्योग यांसाठी ते ओळखले जाते. २०१५ मध्ये येथे नगरपरिषद स्थापन झाली.

इतिहास

घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या वाटांवर लक्ष ठेवता येत असल्याने चाकणला लष्करी महत्त्व होते. बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याने १४५३ च्या सुमारास कोकणातील मोहिमांसाठी येथेच तळ ठेवला होता. पुढे हे ठाणे निजामशाहीकडे व नंतर मराठ्यांकडे आले.

चाकणचा किल्ला संग्रामदुर्ग या नावाने प्रसिद्ध आहे. मोगल सुभेदार शायिस्ताखानाने जून १६६० मध्ये त्यास वेढा घातला. शिवाजी महाराज तेव्हा पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते, त्यामुळे बाहेरून मदत येणे अशक्य होते. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी अल्प शिबंदीनिशी भर पावसाळ्यात सुमारे ५६ दिवस किल्ला लढवला. डोंगराचा आधार नसलेल्या भुईकोटाच्या दृष्टीने हा काळ विलक्षण मोठा आहे. १४ ऑगस्ट रोजी सुरुंगाने बुरूज उडाल्यावर किल्ला पडला. मोगलांचे २६८ सैनिक ठार व ६०० जखमी झाले. शायिस्ताखानाने देऊ केलेली चाकरी फिरंगोजींनी नाकारली. आज वाढत्या वस्तीत किल्ल्याची तटबंदी बरीचशी लुप्त झाली आहे.

अर्थव्यवस्था

कारखाने येण्यापूर्वी चाकणची ओळख कांदा-बटाट्याच्या बाजाराची होती. खेड कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार येथे असून शनिवारी जनावरांचा बाजारही भरतो.

पिंपरी-चिंचवड येथील जागा अपुरी पडू लागल्यावर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने चाकण परिसरात टप्प्याटप्प्याने भूसंपादन केले. बजाज ऑटोचा कारखाना १९९० च्या दशकाअखेरीस, तर फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने २००९ मध्ये सुरू झाले. त्यानंतर महिंद्रा कंपनीही आली. मोठ्या कारखान्यांभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योगांचे जाळे आहे. येथे तयार झालेली व्हेंटो मोटार मेक्सिकोच्या बाजारातही विकली गेली.

या वाढीला संघर्षाची बाजूही आहे. २०१३ मध्ये बजाजच्या कामगारांनी सुमारे ५० दिवस काम बंद ठेवले. कंपनीचे समभाग एक रुपया दराने मिळावेत, ही त्यांची एक मागणी होती. शिंदे-वासुली येथील डाऊ केमिकल्सच्या संशोधन केंद्रास २००८ पासून ग्रामस्थ व वारकऱ्यांनी विरोध केला. आक्षेप प्रदूषणाचा होता आणि केंद्राची जागा भामचंद्र डोंगराच्या परिसरात होती, जिथे संत तुकाराम चिंतनास बसत अशी श्रद्धा आहे. अखेर तो प्रकल्प रद्द झाला. जड वाहतूक, कामगारांची ये-जा आणि मालवाहू गाड्यांचे थांबे यांमुळे तळेगाव चौकातील कोंडी ही शहराची नित्याची अडचण आहे.

संस्कृती

चक्रेश्वर हे येथील प्राचीन शिवमंदिर असून महाशिवरात्रीला तेथे यात्रा भरते. दशरथाच्या रथाचे चाक येथे निखळले व त्यावरून गावास नाव पडले, अशी लोककथा सांगितली जाते. आळंदी व देहू जवळ असल्याने परिसरात वारकरी परंपरा रुजलेली आहे. कारखान्यांमुळे विदर्भ, मराठवाडा, बिहार व उत्तर प्रदेशातील कामगार येथे स्थायिक झाले असून भाड्याच्या खोल्या हे अनेक स्थानिक कुटुंबांच्या उत्पन्नाचे साधन झाले आहे.