सारखेपणा दिसला की आधी सनावळी मांडा

संशोधनात नव्याने पडणाऱ्यांना एक मोह हमखास होतो. दोन गोष्टी सारख्या दिसल्या की लगेच त्यांचं नातं जोडायचं. मीही या मोहात पडले होते, म्हणून ही गोष्ट सांगते.

नॉर्वेचं हार्डांगर फिडल घ्या. दिसायला व्हायोलिनसारखं, पण वाजवायच्या तारांखाली आणखी चार-पाच तारा असतात. त्यांना गज लागत नाही. वरची तार वाजली की त्या अनुनादाने झंकारतात, आपल्या सतारीतल्या तरफांसारख्या. आता स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर चला. तिथले वादक साध्याच व्हायोलिनवर धून वाजवताना शेजारची मोकळी तारही गजाने घासतात, त्यामुळे आवाज तसाच घुमतो. त्यात शेटलंड पूर्वी नॉर्वेचं! १४६९ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिस्तियान याने मुलीच्या हुंड्यापोटी ते स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण ठेवलं. झालं, मी कच्च्या मसुद्यात लिहून टाकलं, 'हा नॉर्स काळाचा वारसा.'

मसुदा मार्गदर्शकांकडे द्यायच्या आदल्या रात्री सनावळी मांडली आणि पोटात गोळा आला. व्हायोलिन इटलीत घडलं तेच १६ व्या शतकात. म्हणजे शेटलंड गहाण पडलं तेव्हा हे वाद्य जन्मालाही आलं नव्हतं!

मग नातं नव्हतंच का? होतं, पण मी बघत होते तिथे नव्हतं. शेटलंडमध्ये नॉर्न ही नॉर्स भाषा पुढेही टिकली. १७७४ मध्ये जॉर्ज लो यांनी फूला बेटावर एका वृद्धाकडून नॉर्नमधलं ३५ कडव्यांचं कथागीत लिहून घेतलं, तेही स्वतःला ती भाषा येत नसताना. ऑर्कनीचा सरदार आणि नॉर्वेच्या राजकन्येची ती कथा. जुना धागा शब्दांत होता. वादनातलं साम्य त्यावरून सिद्ध होत नाही. १४६९ नंतरही नॉर्वेहून लाकूड आणि होड्या शेटलंडला येत राहिल्या. सूर त्या वाटेने आले का, हा वेगळा प्रश्न. त्याला वेगळा पुरावा लागतो.

आणि आजचं सहकार्य? 'बोरियास' या गटात दोन स्कॉटिश आणि दोन नॉर्वेजियन कलाकार एकत्र आल्या. एकमेकींच्या धून शिकायला त्यांना जुन्या वारशाचा दाखला लागला नाही. तुमच्या प्रबंधाला मात्र लागेल. तेव्हा 'वारसा' हा शब्द लिहिण्याआधी शेजारी सन लिहा. बरेचदा तिथेच उत्तर मिळतं.