तळटीप : बंदुकीच्या दारूचे ठराविक माप

१. ठराविक मापाचा रोटर : काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत दारू मोजून सोडण्याचे साधन. वर दारूचे नळकांडे, त्याखाली धातूचा आडवा दंडगोल म्हणजे रोटर आणि त्यात कोरलेली एकच खाच. खाच वर असताना दारूने भरते. रोटर फिरवला की तेवढीच दारू खाली पडते. खाच लहानमोठी करता येत नाही, म्हणून माप बदलायचे तर रोटरच बदलावा लागतो. अमेरिकेतील आरसीबीएस कंपनीचे ‘लिटल डँडी’ हे त्याचे परिचित उदाहरण. ही खाच आकारमान मोजते, वजन नव्हे. दारूचे प्रमाण मात्र ग्रेन या वजनाच्या एककात ठरते (१ ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम). दारूचा प्रकार बदलला की त्याच खाचेत वेगळे वजन मावते, आणि बिनधुराच्या दारूत थोड्या फरकानेही बंदुकीच्या नळीतील दाब जिवावर बेतू शकतो. म्हणून अनुभवी माणसेही प्रत्येक वेळी तराजूवर खात्री करून घेतात.

भारतात विनापरवाना काडतुसे बनवण्यास शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५ने मनाई आहे. महाराष्ट्रात ती खडकी (स्थापना १८६९) आणि वरणगाव येथील सरकारी कारखान्यांत तयार होतात. अंधेरी-मुलुंडच्या दाटीवाटीच्या इमारतींत घरी दारू साठवणे हा शेजाऱ्यांच्या जिवाशीही खेळ ठरेल. वाचकांनी हे वर्णन मजकूर समजण्यापुरतेच वाचावे. घरी असा प्रयोग मुळीच करू नये. — संपादक