सेमारांगच्या रस्त्यावरची कढई



मागच्या महिन्यात आपल्या केंद्रावर बचत गटाच्या बायकांची बैठक होती. तेव्हा एसटी स्टँडाबाहेर भज्यांची गाडी लावणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, "तुम्ही राजांच्या गोष्टी सांगता, लढायांच्या सांगता. आमच्या कढईला कधी इतिहास असतो का?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी आल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून आज एका लांबच्या शहरातल्या कढईची गोष्ट सांगते.

शहराचं नाव सेमारांग. इंडोनेशियात जावा नावाचं मोठं बेट आहे, त्याच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे जुनं बंदर. आज ती मध्य जावा प्रांताची राजधानी आहे. 1678 साली मातारामच्या राजाने कर्जाच्या फेडीपोटी हे बंदर डच कंपनीच्या हवाली केलं. गलबतांबरोबर चिनी आले, अरब आले, गुजरातेतले व्यापारी आले, आणि जावाची माणसं तर तिथलीच होती. बंदर म्हटलं की हमाल, खलाशी, कारकून. या सगळ्यांना घराबाहेर भूक लागते. ती भागवायला रस्त्यावर जे शिजलं, त्यातलं बरंचसं आजही तिथे मिळतं.

त्यात पहिला मान लुम्पियाचा. पातळ पारीत सारण भरून केलेली ही सुरळी, तळलेली किंवा तशीच न तळता. सारणात बांबूचे कोवळे कोंब, अंडं आणि कोंबडी किंवा कोळंबी. बरोबर लसणाचा वास असलेला दाटसर गोड रस, काकडीचं लोणचं, कोवळ्या पातीचे कांदे आणि हिरवी मिरची. बांबूचे कोंब आपल्याला नवे नाहीत. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या बहिणी पावसाळ्यात वास्ते आणतात, तेच हे. ज्यांनी ते शिजवले आहेत त्यांना ठाऊक असेल, कच्च्या कोंबांना उग्र वास असतो आणि ते तसेच खाल्ले तर बाधतात. पाणी बदलून बदलून उकडावे लागतात. सेमारांगमध्ये लुम्पियाच्या दुकानाची परीक्षा याच गोष्टीवर होते: कोंबांना वास राहिला की गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. म्हणजे खरी मेहनत तळण्यात नाही. ती पहाटेच्या त्या उकडण्यात आहे, आणि ती कुणाला दिसत नाही.

आता ही लुम्पिया झाली कशी? शहरात सांगतात ते असं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनमधून चोआ थाय यू नावाचा माणूस सेमारांगला आला. तो डुकराचं मांस आणि बांबूचे कोंब भरलेल्या सुरळ्या विकायचा. त्याच बाजारात वासीह नावाची एक जावानी बाईही खाण्याचे पदार्थ विकायची. तिचा माल गोडसर चवीचा आणि मुसलमान गिऱ्हाइकांना चालणारा. दोघांची आधी धंद्यात चढाओढ होती, पुढे ओळख वाढली आणि लग्न झालं. लग्नानंतर धंदा एक झाला. डुकराचं मांस गेलं, त्या जागी कोळंबी आणि कोंबडी आली. चव थोडी गोड झाली. चिनी पारी आणि जावानी जीभ यांचं जुळलं, आणि शहरातल्या कुणालाही खाता येईल असा पदार्थ तयार झाला.

ऐकायला गोष्ट गोड आहे. पण ते लग्न केव्हा झालं ते पाहा. 1740 साली बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, डचांच्या राज्यात हजारो चिनी मारले गेले. त्यानंतरची लढाई सेमारांगपर्यंत पोचली. पुढे एकोणिसाव्या शतकात डचांनी नियमच केला की चिन्यांनी नेमून दिलेल्या वस्तीतच राहायचं आणि बाहेरगावी जायचं तर परवाना घ्यायचा. चिनी एका बाजूला, जावानी दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या मध्ये सरकार, अशी ती मांडणी. मग माणसं भेटणार कुठे? बाजारात. पुरुष खांद्यावर कावड घेऊन फिरत, बायका पाठीवर टोपली बांधून. वासीह आणि चोआ अशाच बाजारात भेटले असणार.

लुम्पिया या नावाबद्दलही तिथे एक गोष्ट सांगतात. म्हणे ऑलिंपिया नावाच्या बागेत ती विकली जायची, म्हणून लुम्पिया. मला ते पटत नाही. दक्षिण चीनच्या होक्क्येन बोलीत अशा मऊ पारीच्या सुरळीला लून-पिया म्हणतात, आणि फिलिपीन्समध्येही हाच शब्द आहे. तिथे काही सेमारांगची बाग नव्हती.

मला जास्त मोलाची वाटते ती पुढची हकिगत. हा धंदा मुलीकडून पुढे गेला. वासीहची लेक चोआ पो न्यो हिचं लग्न सिम ग्वान सिंगशी झालं, आणि दोघांनी कढई चालू ठेवली. त्यांच्या मुलांनी शहरात वेगवेगळ्या जागी दुकानं काढली. त्यांतली एक मुलगी, सिम ह्वा न्यो. तुमच्या लक्षात आलं असेल, दोघींच्या नावाच्या शेवटी न्यो आहे. आपल्याकडे ताराबाई, गंगूबाई म्हणतो, तसं ते बाईच्या नावाला लागतं. सगळ्यांत जुनं दुकान आजही चिनी वस्तीतल्या गांग लोम्बोक गल्लीत, जुन्या देवळाशेजारी आहे. लोम्बोक म्हणजे मिरची. मिरचीची गल्लीच म्हणा.

या सगळ्यात वासीहचं मात्र नुसतं वासीह एवढंच उरलं. नवऱ्याचं पूर्ण नाव, जावयाचं पूर्ण नाव आपल्याला मिळतं. तिचं माहेर कुठलं, तिने ते कालवण कुणाकडून शिकलं, याचा पत्ता नाही.

दुसरी बाई लू लान ह्वा. तिचं माहेर पूर्व जावातलं बाबात गाव. तिथे चिकट तांदळाचं पीठ, खोवलेला नारळ आणि साखर एकत्र करून भाजलेली चपटी वडी करतात, तिला विंगको म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी जावा घेतलं. त्या धामधुमीत, 1944 च्या सुमारास, ती नवरा आणि दोन मुलांना घेऊन सेमारांगला आली. हाताशी काय होतं? माहेरची वडी. ती घरी भाजायची, दारोदार आणि तावांग रेल्वे स्टेशनवर विकायची. प्रवासी आवडीने घ्यायचे, पण नाव विचारायचे. तिने त्यात आपल्या गावाचं नाव घातलं: विंगको बाबात. पाकिटावर आगगाडीचं चित्र आलं, ते आजही आहे. गंमत म्हणजे त्या भाषेत बाबात म्हणजे जनावराचा वजडीसुद्धा, त्यामुळे नवखा माणूस नाव ऐकून आधी दचकतो. आज सेमारांगहून परतणारा माणूस नातेवाइकांसाठी विंगको घेतल्याशिवाय गाडीत चढत नाही, आणि मूळ बाबात गावापेक्षा या शहराचंच नाव तिच्याशी जोडलं गेलं आहे.

तिसरी गोष्ट पिण्याची. जावात सकाळी बायका पाठीवर टोपली बांधून निघतात, टोपलीत काचेच्या बाटल्या, हातात पेले धुवायला छोटी बादली. बाटल्यांत असतं जामू, म्हणजे काढा. हळद आणि चिंचेचा एक, तांदूळ आणि आल्याच्या कुळातल्या सुगंधी कंदाचा एक, आणि एक असा कडू की प्यायल्यावर वरून गोड पेला द्यावाच लागतो. यांतल्या पुष्कळ बायका सुकोहार्जो आणि वोनोगिरी भागातल्या. लोक त्यांना म्बोक म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. सेमारांगमध्ये लाव पिंग न्यो नावाच्या बाईने 1919 साली या काढ्यांचा कारखानाच काढला. सांगतात की तिच्या वेळी आईला कण्या खायचे डोहाळे लागले होते. कणीला तिथे मेनिर म्हणतात, तेच तिचं नाव पडलं. डच स्पेलिंगमध्ये ते झालं मेनेर, आणि डच भाषेत मेनेर म्हणजे साहेब! त्यामुळे बाटलीवर छापलं गेलं न्योन्या मेनेर, म्हणजे अक्षरशः बाईसाहेब साहेब. जवळजवळ शंभर वर्षं चाललेली ती कंपनी 2017 मध्ये दिवाळखोरीत गेली. पाठीवर टोपली घेतलेल्या बायका अजून फिरतात. 2023 मध्ये युनेस्कोने जामूची परंपरा आपल्या वारशाच्या यादीत घेतली.

आता थोडं कडू. 1965 नंतर सुहार्तोंचं राज्य आलं. चिनी लोकांनी इंडोनेशियन नावं घ्यावीत असं सांगण्यात आलं. 1967 च्या हुकुमाने त्यांचे सण आणि देवाधर्माच्या मिरवणुका रस्त्यावर आणायला बंदी झाली. दुकानांवरची चिनी अक्षरं गेली. 1998 च्या मे महिन्यात तर जकार्ता आणि सोलो शहरांत चिनी वस्त्या जळल्या, जकार्तात बायकांवर अत्याचार झाले. 2000 साली अध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी तो जुना हुकूम रद्द केला. या तेहतीस वर्षांत अजगर-सिंहाचे नाच घरात कोंडले गेले, पण लुम्पिया उघड्या रस्त्यावर तळली जात होती, आणि ती खाणारे बहुतेक जावानी मुसलमान होते. तिला चिनी म्हणून बंद करावं, तर ती वासीहचीही होती ना. आज चिनी वस्तीत शुक्रवार, शनिवार आणि रविवारच्या रात्री सेमाविस नावाचा खाऊबाजार भरतो.

आपल्या बाजूचा एक धागाही या शहरात आहे. चिनी वस्तीजवळच पेकोजान मोहल्ला आहे. खोजा हे नाव मुंबईकरांना ओळखीचं आहे, पेकोजान म्हणजे खोजांची वस्ती. तिथल्या मशिदीत रमजानच्या महिन्यात दुपारपासून लाकडाच्या चुलीवर मोठ्या हंड्यात पेज रटरटते. तांदूळ, नारळाचं दूध, आलं, गवती चहा, दालचिनी. रोजा सोडायला येईल त्याला ती वाडगाभर मिळते, ओळख विचारत नाहीत. गुजरातेकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी सुरू केलेली ही पद्धत शंभरहून जास्त वर्षं चालू आहे. त्या पेजेला तिथे बुबुर इंडिया म्हणतात.

हे सगळं मी परवा भज्यांच्या मावशींना सांगितलं. मग विचारलं, "तुमच्या भज्यांत ओवा आणि तांदळाची पिठी घालायला कुणी शिकवलं?" म्हणाल्या, "सासूबाईंनी." मी म्हटलं, "त्यांचं नाव काय?" मावशी झारा हातात धरून थोडा वेळ थांबल्या. मग नाव सांगितलं, माहेरचं गावही सांगितलं. मी ते वहीत लिहून घेतलं आहे.