कऱ्हाकांठची गंगा आणि गोमुखाचें हिम

बारामती-इंदापूर प्रांतांतील एखाद्या जुन्या दप्तरांत 'गंगायात्रा' हा शब्द आढळला कीं यात्रेकरू हिमालय पाहून आला, असें मानण्याचा मोह होतो. तो आवरावयास पाहिजे. मराठी कागदांत 'गंगा' म्हणजे पुष्कळ वेळां गोदावरी. 'गंगथडी' हा शब्दच त्याची साक्ष देतो. उत्तरेची यात्रा झाली तरी ती बहुधा प्रयाग, काशी व गया या त्रिस्थळीची असे.

बारामतीचे मोरोपंत पराडकर (१७२९–१७९४) हें याचें ठळक उदाहरण. बाबूजी नाइकांच्या आश्रयानें कऱ्हेच्या कांठीं त्यांचें आयुष्य गेलें. त्यांनीं 'गंगावकिली' रचिली व उत्तरवयांत काशीयात्राही केली. परंतु तेवढ्यावरून त्यांनीं गंगेचा उगम पाहिला असें म्हणतां येत नाहीं. त्यांच्या काळीं रेनेलसारखा नकाशाकारही हा उगम मानससरोवराकडे दाखवीत होता. हॉजसन हा इंग्रज मोजणीदार हिमाच्या कमानीखालून नदी निघते त्या जागीं पोहोंचला तो १८१७ च्या मे महिन्यांत, म्हणजे पंतांच्या मागें तेवीस वर्षांनीं.

कऱ्हा सोनगांवाजवळ नीरेस मिळते आणि नीरा इंदापूर तालुक्यांत नरसिंहपुरीं भीमेस. या पावसावर जगणाऱ्या नद्या. वैशाखांत कऱ्हेची वाळू उघडी पडते. त्याच वैशाखांत, अक्षय्यतृतीयेस गंगोत्रीचीं द्वारें उघडतात आणि हिम वितळून भागीरथी चढूं लागते. कऱ्हेकांठच्या माणसास हें स्वतः जाऊन पाहिल्यावांचून पटणें कठीण.

गंगोत्रीहून गोमुख सुमारें १८ किलोमीटर, सारी वाट पायींची. चीरबासा मागें पडल्यावर भोजबासा लागतो. हस्तलिखितांच्या संग्राहकानें येथें क्षणभर थांबावें. हें नांव भूर्जवृक्षावरून पडलें आहे. बुह्लरनें १८७५-७६ त काश्मिरांतून मिळविलेली ऋग्वेदाची शारदा लिपींतील भूर्जपत्री पोथी पुण्यास भांडारकर संस्थेंत आहे. तिची साल याच जातीच्या झाडाची. वाटेवर मात्र आतां हीं झाडें विरळ झालीं आहेत. पुढें नुसता दगडधोंडा. सुमारें ३० किलोमीटर लांबीची हिमनदी प्रथमदर्शनीं पांढरी दिसतच नाहीं. तिच्या पाठीवर राबिटाचा थर असतो, आणि तुटलेल्या मुखाशीं तेवढें निळसर बर्फ दिसतें. वर ६,५४३ मीटर उंचीचा शिवलिंग. २००८ पासून येथें दिवसास १५० जणांसच परवाना देण्याचा नियम झाला. शिवाय हिमनदी मागें हटत आली आहे. हॉजसननें पाहिलेलें मुख त्या जागीं आज नाहीं. म्हणजे आजच्या वर्णनावरून जुना कागद पडताळणेंही धोक्याचेंच.

मग निर्णय कशावरून करावा? मुक्कामांच्या नांवांवरून. काशीच्या वाटेवर जीं गांवें लागत नाहींत तींच येथें उपयोगाचीं. हरद्वार, गढवालचें श्रीनगर हीं नांवें आलीं तरी यात्रा बदरीकेदाराची असूं शकेल. उत्तरकाशीचें जुनें नांव बाराहाट. नीरा-भीमेच्या कांठच्या ज्या घराण्यांत यात्राखर्चाच्या याद्या असतील, त्यांनीं त्यांत आधीं हें नांव शोधावें.