तिरपे, चिंचोळे आणि ठळक

छापील पान वाचताना आपले लक्ष अर्थाकडे असते, अक्षराच्या देहाकडे ते क्वचितच जाते. तथापि काही अक्षरे वाचली जाण्यापूर्वीच दिसतात. सिनेमाच्या जाहिरातीवर, इंग्रजी वृत्तपत्राच्या मथळ्यात, खेळाडूंच्या सदऱ्यांवर आढळणारी जाड, अंग चोरलेली आणि पुढे झुकलेली रोमन अक्षरे ही अशीच आहेत. मुद्रक त्यांना ‘बोल्ड कंडेन्स्ड इटॅलिक’ म्हणतात. ठळकपणा, चिंचोळेपणा आणि तिरपेपणा हे तीन गुण तीन निरनिराळ्या गरजांतून जन्मास आले. त्यांचा इतिहास आपण थोडक्यात पाहू.

तिरपेपणा सर्वांत जुना. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लॉरेन्सचा विद्वान निकोलो निकोली हस्तलिखितांच्या नकला भरभर करीत असे. त्या वेगाने त्याचे अक्षर झुकले आणि अरुंदही झाले. पुढे हे वळण इटलीत रूढ झाले. व्हेनिसचा प्रकाशक आल्डुस मानुशियस याने ते मुद्रणात आणले आणि बोलोन्याचा कारागीर फ्रान्चेस्को ग्रिफो याने त्याचे ठसे कोरले. ह्या टाइपाचे पहिले दर्शन घडले ते १५०० साली, सिएनाच्या संत कॅथरीनच्या पत्रसंग्रहात. तेथील चित्रात संतिणीच्या हाती उघडे पुस्तक व हृदय आहे, आणि त्यांवर येशूनामाचे मोजके शब्द तिरप्या अक्षरांत आहेत. बहुतेक पत्रे तोंडी सांगून लिहवून घेणाऱ्या त्या संतिणीच्या ग्रंथात हस्ताक्षराच्या वळणाचा टाइप प्रथम यावा, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

१५०१ साली आल्डुसने व्हर्जिलचे काव्य संपूर्णपणे ह्याच टाइपात, हाती धरता येईल अशा लहान आकारात छापले. त्या ग्रंथात त्याने ग्रिफोची स्तुतीही केली. परंतु १५०२ साली व्हेनिसच्या सत्तेकडून ह्या टाइपाचे संरक्षण मिळाले ते आल्डुसला. ग्रिफो त्याला सोडून गेला. ह्या अक्षराचा खरा कर्ता ग्रिफोच होय, असे १५०३ साली फानो येथील मुद्रक सोन्चिनो याने छापून नमूद केले. श्रमणाऱ्या हाताचे नाव मागे राहावे, ही गोष्ट मुद्रणाच्या इतिहासातही नवी नाही.

त्या काळी तिरपे अक्षर शब्दावर जोर देण्यासाठी नव्हते. सबंध ग्रंथच त्यात जुळवीत. सरळ अक्षरांच्या मजकुरात एखादाच शब्द तिरपा छापण्याची प्रथा नंतर रुळली.

ठळकपणा आला तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, लंडनच्या बाजारात. लॉटऱ्या, नाटके, विक्रीचा माल ह्यांच्या जाहिराती भिंतींवर एकमेकींशी स्पर्धा करू लागल्या. ग्रंथांसाठी घडवलेली नाजूक अक्षरे तेथे दिसेनात. म्हणून ओतकारांनी रेघा फुगवल्या. पण कागदाची रुंदी ठरलेली आणि शब्द लांब! अक्षर उंच हवे तर ते अरुंद केल्यावाचून गत्यंतर नव्हते. अशा रीतीने चिंचोळेपणा गरजेतून आला. मोठे शिशाचे खिळे जड आणि महाग पडत. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स याने १८२७ साली लाकडी अक्षरे यंत्राने कोरण्यास आरंभ केला आणि भित्तिपत्रकांना हलके, प्रचंड टाइप मिळाले. १८४५ साली लंडनमध्ये रॉबर्ट बेस्ली याने ‘क्लॅरेंडन’ हा काहीसा अरुंद ठळक टाइप नोंदवला. साध्या मजकुराच्या सोबतीने वापरावयाच्या ठळक टाइपाचे ते आरंभीचे उदाहरण होय.

हे तिन्ही गुण एकत्र पाहावयाचे तर ‘कॉम्पॅक्टा’चे उदाहरण घ्यावे. फ्रेड लॅम्बर्टने १९६३ साली लेट्रासेट ह्या इंग्रजी कंपनीसाठी तो रचला. कागदावर घासून उमटवावयाच्या अक्षरांमुळे तो जाहिरात रेखाटणाऱ्यांच्या हाती सहज पोहोचला. त्याच्या कुटुंबात ठळक तिरपा टाइपही आहे. गोलाई दाबून बाजू सरळ केल्यामुळे त्याचे शब्द भिंतीसारखे सलग दिसतात.

अशी रचना दिसते तितकी सोपी नाही. रेघ जाडावली की अक्षराच्या पोटातील पांढरी जागा आक्रसते. अक्षर चिंचोळे केले की ती आणखी घटते. वाचता येते ते मात्र त्या पांढऱ्या जागेमुळेच. सरळ अक्षर नुसते कलते केले तर त्याच्या गोलाया एका बाजूस फुगतात, दुसरीकडे बारीक होतात. त्या पुन्हा हाताने सावराव्या लागतात. आपल्या देवनागरीत अडचण आणखी वाढते. शिरोरेषा आडवीच राहते, काने मात्र झुकतात. आणि दाबलेल्या अक्षरात ‘ब’, ‘ष’, ‘क’ ह्यांची पोटे बुजून जातात.

म्हणून ह्या टाइपाचे काम चार शब्दांचे: नाटकाचे नाव, मथळा, सावधानतेची सूचना. आज संगणकामुळे तो कोणालाही सहज उपलब्ध आहे, आणि आमच्या धर्मग्रामांच्या सूचनाफलकांवर कधी कधी सबंध मजकूरच ठळक, दाटीवाटीचा, तिरपा छापला जातो. परिणामी काहीच उठून दिसत नाही, आणि मिस्साची वेळ वा अंत्यविधीची वार्ता शोधणाऱ्या वृद्ध आजीला ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते. मथळा ठळक असावा. खालचा मजकूर साधा, सरळ आणि मोकळा असावा. फलक लिहिणाऱ्यांनी एवढे पथ्य पाळले तरी आजी आपली सूचना आपण वाचू शकेल.