येळ्ळूर : गड, शिवार आणि गावकी



गावाचा इतिहास लिहावयाचा म्हटले की आपली लेखणी प्रथम गडाकडे वळते. बेळगावच्या दक्षिणेस वसलेल्या येळ्ळूरच्या बाबतीत तर ते स्वाभाविकच आहे, कारण गावाच्या माथ्यावर राजहंसगड उभा आहे. बेळगाव परिसरावर रट्ट, यादव, बहामनी, आदिलशाही व मराठे अशा सत्ता आल्या आणि गेल्या. १८१८ च्या एप्रिलमध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. गडाने हे सारे पाहिले. परंतु गाव जगले ते गडावर नव्हे, तर पायथ्याच्या शिवारात.

येळ्ळूर आणि आसपासचे शिवार सुवासिक बासमती भातासाठी प्रसिद्ध आहे. पावसाच्या तोंडावर पेरणी, मग भांगलण, पुढे कापणी आणि मळणी. भात निघाले की त्याच ओलीवर मसूर, हरभरा. ही कामे एका घराच्या बळावर उरकत नाहीत. म्हणून ‘पैरा’ आला : आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. यात पैशाची देवघेव नाही, कागद नाही. शब्द हाच करार. गावकीचा पाया मी येथे पाहतो. श्री चांगळेश्वरी देवीची यात्रा, कुस्तीचे मैदान, हरिनाम सप्ताह ही सारी त्याच पायावरची बांधकामे होत. जो शेतात खांद्याला खांदा लावतो, तोच पालखीलाही खांदा देतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. गावची माणसे तीच राहिली, मात्र कचेरीची भाषा पालटली. ज्याला स्वतःच्या जमिनीचा उतारा वाचण्यासाठी दुसऱ्याकडे जावे लागते, त्याचे दुःख राजकीय घोषणांच्या पलीकडचे आहे. १९६७ च्या महाजन अहवालाने सीमाभागातील मराठी जनतेचे समाधान झाले नाही; २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. गावाच्या वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ असा फलक अनेक वर्षे होता. जुलै २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर तो हटविण्यात आला, गावकऱ्यांनी पुन्हा उभारला, पुन्हा काढण्यात आला आणि लाठीमारही झाला. गावकऱ्यांच्या अंगावरचे ते वळ इतिहासाने विसरू नयेत.

तथापि इतिहासकाराने आपल्या माणसांनाही खरे सांगावे. ‘येळ्ळूर’ या नावातील ‘ऊर’ हा कन्नड शब्द आहे आणि त्याचा अर्थच गाव असा आहे. मराठी बोलणाऱ्यांनी हे नाव पिढ्यान् पिढ्या प्रेमाने उच्चारले. आपला आग्रह न्यायाचा आहे, शेजाऱ्याच्या भाषेशी वैराचा नव्हे.

वेल्समध्ये कॅपेल केलिन नावाचे वेल्श भाषकांचे एक खेडे होते. लिव्हरपूल शहराला पाणी पुरविण्यासाठी १९६५ साली ते प्रार्थनामंदिर, शाळा व शेतांसह जलाशयाखाली गेले. वेल्श भाषा पुढेही जगली. परंतु त्या गावाचे एकत्र जगणे कायमचे बुडाले. आपल्याकडे धरण नाही, पण शहर शिवारात शिरत आहे. हलगा–मच्छे बायपासविरुद्ध सुपीक जमिनीसाठी शेतकऱ्यांना लढावे लागले ते याच भीतीने. भाताचे शेत गेले की पैरा जातो, आणि पैरा गेला की यात्रा केवळ गर्दी होऊन उरते.

येळ्ळूर, कडोली, उचगाव येथे ग्रामीण साहित्य संमेलने भरतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण मंडपाबाहेरचेही काम आहे. माजी विद्यार्थ्यांनी सुटीत गावी आल्यावर वडीलधाऱ्यांजवळ बसावे. प्रत्येक शेताचे, बांधाचे, विहिरीचे नाव विचारून वहीत उतरवावे. कोणाचा पैरा कोणाशी होता ते लिहावे. वेशीवरचा फलक एका सकाळी उखडता येतो. वहीत आणि वागण्यात उतरलेले गाव उखडणे तितके सोपे नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या गुरुजनांना याहून वेगळी आदरांजली मला सुचत नाही.