कविता तुमची, चाल आमची, पैसे तुमचेच!

आजच्या भागात अशा गाण्यांची गोष्ट आहे जी कधी हिट झाली नाहीत, रेडिओवर वाजली नाहीत, आणि तरीही आज लोक शोधून शोधून ऐकतात.

जागा आहे अमेरिका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथल्या मासिकांच्या मागच्या पानांवर छोट्या छोट्या जाहिराती यायच्या. मजकूर साधारण असा: तुम्ही कविता करता? आम्हाला पाठवा, आमचे संगीतकार चाल लावतील, गाणं गाजलं तर पैसाच पैसा. वाचणारे कोण? गृहिणी, ट्रक ड्रायव्हर, शेतकरी, निवृत्त माणसं, गावातले एकटे जीव. कुणीतरी वहीतलं पान फाडायचं, पाकिटात घालायचं आणि पोस्टात टाकायचं.

थोड्या दिवसांनी उत्तर यायचं आणि ते जवळपास नेहमी एकच असायचं. तुमच्या शब्दांत दम आहे, फक्त रेकॉर्डिंगचा खर्च तेवढा पाठवा. खर्च म्हणजे कधी शंभराच्या आत, कधी काही शे डॉलर. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. या धंद्यातून निघालेल्या गाण्यांना 'सॉन्ग-पोएम' म्हणतात आणि धंदा करणाऱ्यांना व्यावसायिक गीतकारांनी नाव ठेवलं होतं 'सॉन्ग शार्क'. सुरुवातीला हे लोक छापील स्वरलिपी द्यायचे, पुढे तबकड्या आल्या.

आता स्टुडिओत काय चालायचं ते बघा. भाड्याचे वादक, भाड्याचा गायक, समोर कागदांची चळत. एका बैठकीत डझनावारी गाणी उरकायची. तालीम नाही, बहुतेक वेळा एकच टेक. कधी तर जुनाच वाद्यमेळ पुन्हा वापरायचा आणि त्यावर नवे शब्द बसवायचे. मग ग्राहकाला मोजक्या तबकड्या पाठवल्या की काम संपलं. दुकानात त्या कधी पोचायच्याच नाहीत.

पण हे वादक-गायक काही ऐरेगैरे नव्हते. 'जीन मार्शल' या नावाने अशी ढीगभर गाणी गाणारा माणूस म्हणजे जीन मर्लिनो. 1967 च्या 'कॅमलॉट' सिनेमात लान्सलॉटच्या भूमिकेतल्या फ्रँको नीरोला गाण्यांत आवाज त्यानेच दिला होता. हाच माणूस दुसऱ्या दिवशी 'जिमी कार्टर सेज येस' नावाचं गाणंही तितक्याच मनापासून गायचा.

आणि मग रॉड कीथ. खरं नाव रॉडनी एस्केलिन. हा या धंद्यातला सगळ्यात अवलिया माणूस. त्याच्याकडे चेंबरलिन नावाचं वाद्य होतं. दिसायला पेटी-पियानोसारखं, पण पट्टी दाबली की आत खऱ्या वाद्यांच्या आवाजाची टेप फिरायची. म्हणजे आजच्या सॅम्पलिंगचं पूर्वजच म्हणा ना. त्यावर तो एकटा पूर्ण ऑर्केस्ट्रा उभा करायचा. हातात आलेली ओबडधोबड ओळ, मीटरमध्ये न बसणारी, तरी तो तिच्यासाठी कुठूनतरी सुंदर वळण काढायचा.

या गाण्यांची गंमत नेमकी इथेच आहे. एरवी गाणं बनतं तेव्हा कुणीतरी म्हणतं, "ही ओळ काढ." इथे म्हणणार कोण? ग्राहकाने पैसे दिलेत, त्याचे शब्द सहसा जसेच्या तसे जायचे. त्यामुळे उडत्या तबकड्या, राष्ट्राध्यक्ष, देव, प्रेमभंग, सगळं थेट मनातून निघून माइकपर्यंत पोचायचं. आणि गायकाला हसायलाही वेळ नाही! तो गंभीरपणे, सुरात गाणार. लिहिणारा आणि गाणारा एकमेकांना कधी भेटलेले नाहीत, तरी एकाच गाण्यात दोघं आहेत.

या कंपन्या काय वाट्टेल ते घेतात का, हे 1976 मध्ये जॉन ट्रूबी नावाच्या तरुणाने तपासून पाहिलं. त्याने मुद्दाम अचकट-विचकट, अर्थहीन ओळी लिहून नॅशव्हिलच्या एका कंपनीला पाठवल्या. त्याला वाटलं, शिव्यांचं पत्र येईल. आलं पैसे मागणारं पत्र! रॅम्झी कीअर्नी या गायकाने ते गाणं शांतपणे कंट्री ढंगात गायलं. ब्रेंडा लीचं 'इमोशन्स' लिहिणाऱ्या दोघांपैकी एक तो हाच.

मग याला फसवणूक म्हणायचं की नाही? म्हणायचंच. गाणं गाजेल ही आशा दाखवून पैसे काढले, आणि ज्यांच्याकडे ते फारसे नव्हते त्यांच्याकडून काढले. पण पैसे घेऊन निदान गाणं तरी खरंच बनवलं जायचं. त्या माणसांनी आपले शब्द एका तयार गळ्यातून ऐकले, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवले. पदरचे पैसे घालून कवितासंग्रह छापणारे आपल्याकडेही कमी नाहीत, त्यांना हा आनंद बरोबर कळेल.

1974 मध्ये रॉड कीथ हॉलिवूड फ्रीवेवरच्या पुलावरून खाली पडला आणि गेला. वय फक्त 37. त्याचा मुलगा एलरी तान्हा असतानाच आईवडील वेगळे झाले होते. एलरी मोठा होऊन जॅझमधला नावाजलेला सॅक्सोफोनवादक झाला. वडिलांची ओळख त्याला झाली ती या टाकाऊ समजल्या गेलेल्या रेकॉर्डमधून, ज्या काही वेड्या संग्राहकांनी भंगारातून जपून ठेवल्या होत्या. 1996 मध्ये एलरीनेच वडिलांच्या गाण्यांचा 'आय डाइड टुडे' हा संग्रह काढला. अनोळखी माणसांच्या कवितांना लावलेल्या चालींमध्ये एका मुलाला बाप सापडला. 2003 मध्ये जेमी मेल्टझर यांनी या सगळ्या विषयावर 'ऑफ द चार्ट्स' नावाचा माहितीपटही केला.

आज ॲपमध्ये चार ओळी टाकल्या की अर्ध्या मिनिटात गाणं तयार. तेही गुळगुळीत, सुरात. पण त्यात तुमच्या विचित्र ओळीशी झटापट करणारा, पुढच्या कागदाकडे एक डोळा ठेवून श्वास घेणारा माणूस नसतो. म्हणून ही जुनी गाणी एकदा ऐकाच. पहिल्यांदा हसू येईल, त्याला हरकत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र ते पाकीट पोस्टात टाकणारा हात आठवा.

भेटू पुढच्या भागात!